जपलेला गळा

आबेनानं पहिली ओळ धरली आणि कालिंदीबाई गॅसपुढून तशाच उठल्या. ओल्या हातानंच त्यांनी तिच्या ओठांवर बोट ठेवलं.

"नाय गो. एक सूर काढायचा नाय."

आबेना गप्प झाली. शब्द तिला कळले नाहीत, बोट कळलं. ती खिडकीशी जाऊन बसली.

समोरच्या गॅलरीतून कमलनं आवाज दिला, "काय काकू, पाहुणीला कंठ फुटला वाटतं? तिकीट लावा की!"

"तू आधी तुझा टीव्ही बारीक कर," कालिंदीबाईंनी दार लोटून घेतलं.

परळच्या हॉस्पिटलात दूरदूरचे पेशंट येतात. त्यांना लालबागच्या चाळींत खोल्या मिळवून देणं हा धोंडूचा धंदा. आबेनाला घेऊन तो तीन गल्ल्या फिरला होता. कुणी तिचा रंग बघून नाही म्हटलं, कुणी न बोलताच दार लावलं. कालिंदीबाईंनी मात्र बाहेरची खोली लगेच झाडून दिली.

"मावशी, घाना देशातली मोठी गायिका आहे," धोंडू म्हणाला. "गाणी स्वतःच रचते, चाल स्वतःच लावते. अफ्रोपॉप म्हणतात तिकडं. घशात गाठ आहे, ऑपरेशन करायचंय."

मग त्यानं आबेनाला इंग्रजीत बरंच काही बजावलं. एकदा शेजाऱ्यांच्या दारांकडे हात केला, एकदा जिन्याकडे. कालिंदीबाईंना त्यातलं अक्षर कळलं नाही. पण आलेल्या माणसापुढे तोंड पाडून कसं उभं राहायचं, म्हणून त्या हसून मान डोलावत राहिल्या.

आबेनाचं आयुष्य त्यांनी तिच्या मोबाइलवर पाहिलं. मासळीबाजारात खोक्यावर उभी राहून गाणारी काटकुळी पोर, मागं मासे साफ करणारी आई. मग चर्चमधली पांढऱ्या झग्यातली मुलगी. मग मैदानभर माणसं, आणि सोनेरी वेण्यांची आबेना. तिनं तोंड उघडायच्या आत तिचेच शब्द ते हजारो लोक म्हणत होते. शेवटच्या व्हिडिओत ती गाता गाता माइक लोकांकडे धरत होती. वरच्या पट्टीतली ओळ आली की दर वेळी.

कालिंदीबाईंनी ते बरोबर हेरलं. गळा दुखायला लागला की त्यांचे यजमान गंगाधरबुवा वरची ओळ अशीच कोरसवर सोडायचे.

बुवा दिवसा कापडाच्या मिलमध्ये साचे, म्हणजे माग, चालवायचे आणि एरवी भजनं करायचे. डबलबारी म्हणजे दोन बुवा समोरासमोर, गाण्यातून गाण्याला उत्तर, एकाची हार होईपर्यंत. बारी ठरली की कालिंदीबाई बुवांना मौन धरायला लावायच्या. पोरांनीही बाबांशी बोलायचं नाही. संपाच्या वर्षी बुवांनी ते मौन मोडलं, गेटसभेत घोषणा दिल्या, आणि बारीत आवाज पार बसला. समोरचा बुवा त्यांच्या फुटक्या आवाजाची नक्कल करून गेला, लोक हसले. त्या रात्रीनंतर बुवांच्या गळ्याची राखण कालिंदीबाईंकडे आली, ती बुवा असेपर्यंत.

आता हे ऑपरेशन म्हणजे बारीच होती. सकाळी ज्येष्ठमध, संध्याकाळी हळदीचं दूध, दिवसभर शब्द नाही. एकदा आबेनानं मोबाइल पुढं धरला, गळ्याला हात लावला आणि चक्क हात जोडले. गाणं भरून ठेवायचं आहे, एवढं कालिंदीबाईंना समजलं. त्यांनी मोबाइल काढून फळीवर पालथा ठेवला.

"मागनं गा. सगळा जन्म पडलाय."

आबेनाचे डोळे भरले. ऑपरेशनची भीती वाटते बिचारीला, असं म्हणून कालिंदीबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्यानंतर ती नुसते ओठ हलवायची, गुडघ्यावर बोटांनी ठेका धरायची. आवाज नाही. बुवासुद्धा असंच करायचे. कालिंदीबाईंना समाधान वाटलं.

ऑपरेशनच्या दिवशी त्यांची नात नूपुर पुण्याहून आली. आबेनाशी नीट बोलू शकेल असं घरातलं पहिलं माणूस. स्ट्रेचरशेजारी दोघी हळू आवाजात बोलत राहिल्या.

"तिला सांग गो, इतक्या दिवसांत गळ्याला जरा ताण पडू दिला नाय मी," कालिंदीबाई म्हणाल्या. "बरी झाली की पहिलं गाणं आमच्या गॅलरीत. कमलचं तोंडच बंद करते."

नूपुरनं ते सांगितलं नाही.

"आजी, ती आता गाणार नाहीये. बोलणारसुद्धा नाही. स्वरयंत्रच काढतायत तिचं."

"तिला ठाऊक आहे?"

"घरून निघतानाच ठाऊक होतं. लेकीसाठी दोन गाणी रचून आणली होती. इथं गाऊन ठेवणार होती."

वॉर्डबॉयनं स्ट्रेचर हलवलं. कालिंदीबाईंनी त्याची दांडी घट्ट धरली.

"मग गायली का नाय? एवढे दिवस होते की हातात! विचार तिला, नूपुर. आत्ता विचार!"

नूपुरनं विचारलं. आबेना घोगऱ्या आवाजात थोडंसंच बोलली. मग कालिंदीबाईंचा हात तिनं दांडीवरून अलगद सोडवला, थोपटला, आणि परक्या घरी पाहुणा हसतो तशी हसली. स्ट्रेचर दारातून आत गेलं.

"काय म्हणाली?"

नूपुर बंद दाराकडे बघत होती.

"म्हणाली, धोंडूनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, तूही मान डोलावलीस; गायले असते तर तू मला घराबाहेर काढलं असतंस, आणि या शहरात दुसरं कुणी मला खोली दिली नसती."