हळू आवाज

दादानं घरीच बांधलेल्या छोट्या विमानासाठी, पंखाखालच्या नळीतून वाऱ्याचा दाब मोजून वेग सांगणारी पेटी मी बनवली होती. वेग फार कमी झाला की ती माझ्या आवाजात बोलायची, ‘दादा, नाक खाली कर.’ नाक खाली केलं की वेग वाढतो, नाहीतर विमान दगडासारखं पडतं. पहिल्यांदा मी हे ओरडून रेकॉर्ड केलं, तर दादा वैतागला. “शिल्पे, कामून वरडून राहिलीस? वर मला आधीच लई भ्या वाटतंय. पुस ते, हळू बोल.” मग मी हळू बोलले. आज उमरीच्या माळावरून तो उडाला, झाडांपलीकडं दिसेनासा झाला आणि इंजिनचा आवाज बंद पडला. माझ्या हातातला वॉकीटॉकी खरखरला. दादानं त्याच्याकडचं बटण घट्ट दाबून धरलं होतं. ते सोडेपर्यंत माझा शब्द त्याला ऐकू जाणार नव्हता. मला ऐकू येत होता त्याचा श्वास आणि पेटीतली मी, अंगाई म्हटल्यासारखी: ‘दादा, नाक खाली कर. दादा, नाक खाली कर.’ तो ऐकत नव्हता. जमीन जवळ दिसली की हात आपोआप नाक वर ओढतात. ‘दादा, नाक खा...’ वॉकीटॉकी मुका झाला. वाक्य पूर्ण केल्याशिवाय थांबायचं नाही, असं मीच पेटीला शिकवलं होतं. त्यानं बटण सोडलं असेल. बटणच सोडलं असेल. मी माझं बटण दाबलं आणि त्यानं पुसायला लावलं होतं, अगदी तसंच ओरडले, “दादा, नाक खाली कर!”