शेवटची खोट

दुपारी जेवणं उरकल्यावर मालतीबाईंनी कपाळाला चंदेरी पट्टी बांधली आणि त्या पलंगावर आडव्या झाल्या. ही पट्टी बांधून झोपलं की एका झोपेत माणसाची एक खोट निघून जायची. त्यांचा संताप गेला, घोरणं गेलं, पाण्याची भीती गेली. साठी उलटल्यावर बाई तळ्यात पोहायला लागल्या होत्या.

"आता एकच राहिलीय," त्या लेकीला म्हणाल्या. "तुझ्यासाठीच काढतेय गं."

सानिकाला ठाऊक होतं. तिची थोरली बहीण रेवा लहानपणीच तापात गेली. तेव्हापासून सानिकाला हाक मारताना आईच्या तोंडी आधी रेवाचंच नाव यायचं. "रेवा… अगं, सानू." त्यावरून सानिका कितीदा रुसली होती, भांडलीही होती.

वाऱ्यानं पडदा फुगत होता. झोपेत आई मंद हसत होती, कुणाला तरी वेशीपर्यंत पोचवायला निघाल्यासारखी.

ऊन भिंतीवरून खाली उतरलं तेव्हा मालतीबाई उठल्या. चेहरा धुतलेल्या पाटीसारखा झाला होता.

"सानू, चहा टाकतेस का?"

नाव कुठंही अडखळलं नाही. सानिकाला बरं वाटायला हवं होतं. पण त्या अडखळण्याच्या फटीतून रोज कुणीतरी घरात डोकावून जायचं, ते आज आलं नाही.

तिनं चहाचं आधण ठेवलं. मग आईला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, पण अगदी आईच्याच सुरात, तिनं हाक मारली, "रेवा…"

आणि आपणच ओ दिली.