कडूबाईची चूक

"माय, उठू का?"

सकाळपासून जीवननं हे पाचव्यांदा विचारलं. कडूबाईचा भाकरी थापणारा हात थांबला.

"ऊठ की रे. तुझ्या बापानं बांधलेलं घर हाय. हितं कुनाला इच्यारतोस?"

तो उठला आणि भिंत धरून परसात गेला. तीन वर्षं सात महिने त्याच्या पायात साखळी होती. आफ्रिकेत बोअरवेलच्या मशीनवर कामाला गेलेला पोरगा. जंगलातल्या बंडखोरांनी मशीन पेटवलं आणि त्याला उचलून नेलं. झाडाला बांधून ठेवायचे. लघवीलासुद्धा विचारून उठायचं. पुढं बंडखोरांचं आणि तिथल्या सरकारचं काहीतरी जुळलं, तेव्हा सुटका झाली. उमापूरला येऊन आज नववा दिवस. अजून तो अर्धी भाकरी उशाखाली दडवून ठेवतो. कडूबाई रोज ती शिळी काढते, तिथं ताजी ठेवते, आणि त्याला कळू देत नाही.

शेजारची सरूबाई दारात येऊन डोकावली.

"दिसला न्हवं? जा आता," कडूबाई म्हणाली. "देव न्हाई त्यो, रोज दर्शनाला यायला."

"मलाच बोल तू. आज तेजश्री येनार हाय म्हनं, नवरा-लेकरू घिऊन. जीवनला काय तोंड दावशील गं?"

कडूबाईनं हाताचं पीठ झटकलं. तव्यावरची भाकरी उलटली. कडूबाईनं उत्तर दिलं नाही, असं उमापुरात सहसा घडत नसे.

तेजश्री म्हणजे जीवनची बायको. जीवनला नेलं तेव्हा लग्नाला सहा महिनेच झाले होते. पोरीनं आधी सोमवार धरला, मग शुक्रवार, मग जेवणच टाकलं. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. असं दीड वर्ष गेलं. एके दिवशी दोघी कापूस वेचत असताना कडूबाईचा मोबाइल वाजला. नीट ऐकू येईना म्हणून ती लांब बांधावर गेली. परत आली ती कमरेची कापसाची ओटी तशीच घेऊन.

"कंपनीचा मानूस हुता," ती म्हणाली. "जीवन गेला."

तेजश्री सरीतच कोसळली. तिला पाणी पाजून, सावलीला निजवून कडूबाईनं उरलेली सरी वेचून पुरी केली.

बाई आहे का दगड, असं गाव म्हणालं. दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देऊ म्हणणाऱ्या भटजींना तिनं दारातूनच वाटेला लावलं. फोटोला हार घालू दिला नाही. आणि सहा महिन्यांच्या आत सुनेचं लग्न शिरूर कासारच्या तानाजीशी लावून दिलं. तेजश्री नको नको म्हणत होती. विधवेनं कन्यादानाला बसू नये, असं कुणी पुटपुटलं.

"मग तुमी बसा, न्हाईतर गप बसा," म्हणत कडूबाई पाटावर बसली.

आता पोरगा जिवंत परत आल्यावर गाव उघड हसत होतं. कुण्या भामट्यानं फोन केला आणि अडाणी बाईनं जित्त्या लेकाला मारून टाकलं! एकदा कुणा साहेबानं अंगठा मागितला, तर शाईचा डबा त्याच्या टेबलावर पालथा करून, तिसरी पास आहे म्हणत सही ठोकणारी ही बाई. पण हे मात्र ती मुकाट ऐकून घेत होती.

दुपारी ते तिघं आले. तानाजी चपला काढून उंबऱ्याबाहेरच अवघडून उभा राहिला. कडूबाई जीवन आणि तेजश्रीच्या मधोमध बसली. आज जीवन काय बोलतो, यावर सगळं होतं.

तेजश्रीनं आधी जीवनच्या पायावरचे व्रण बघितले. मग ती कडूबाईकडं वळली.

"आत्याबाई, कावून इस्वास ठिवला तुमी? कोन बोलतंय, नाव काय, येवढं बी इच्यारलं न्हाई?"

"न्हाई इच्यारलं."

"परत फोन लावून बगायचा!"

"न्हाई सुचलं गं. अडानी बाई मी. चुकले."

जीवननं मान वर केली. त्याचे ओठ हलले. कडूबाईनं त्याच्याकडं असं बघितलं, की तो गप्प झाला. मग त्यानं तानाजीच्या कडेवरच्या लेकराकडं हात केला.

"घिऊ का?"

"घ्या की, दाजी," तानाजी घाईनं पुढं आला. आपण काय म्हणालो ते ध्यानात येऊन लाजला.

लेकरानं जीवनची दाढी दोन्ही मुठींत धरून ओढली. नऊ दिवसांत पहिल्यांदा तो हसला.

"बरी हायेस ना?" त्यानं तेजश्रीला विचारलं.

ती रडत होती. तिनं तानाजीकडं बघितलं आणि मान हलवली.

"मग झालं. रडू नगंस, लेकरू घाबरतंय."

चहा झाला. कडूबाईनं लेकराला कुंची घातली, तेजश्रीची ओटी भरली. मोटारसायकल चावडीच्या वळणावर दिसेनाशी झाली, तरी जीवन तिकडंच बघत उभा होता.

"सवताला अडानी म्हनलीस," तो म्हणाला.

"हायेच की. तिसरी म्हंजे का लई शिक्षान?"

"लोक जलमभर हसतील, माय."

"हसू दे. मला काय त्येंच्या घरी नांदायचंय?"

त्यानं तिचा खरखरीत हात आपल्या हातात घेतला.

"तू ऐकशील असं मला वाटलं न्हवतं," तो म्हणाला. "बंदूकवाल्यानं दोनच मिनटं फोन दिलता, अन् मी तुला येवढंच म्हनलो, तेजश्रीला सांग, मी मेलो."