शेंदरी शिंगांचे बैल

ओसरीवर एकशे बारा लाकडी बैल होते. सत्तर रंगवलेले, बेचाळीस कोरे. आणखी चाळीस आदल्या दिवशीच पेट्यांत भरून मलकापूरच्या व्यापाऱ्याकडे गेले होते. पोळ्याला अठरा दिवस उरले होते.

सहदेव धामणगावच्या शाळेत चित्रकला शिकवत असे. मान हलवणारा, पोटाखाली चाकं लपवलेला हा बैल त्याने स्वतः आखला होता. पोरांनी तो दोरीने ओढायचा. शाळेचा राजीनामा लिहून त्याने खिशात ठेवला होता. त्यावर फक्त तारीख घालायची बाकी होती. शेवटची कसोटी पार पडली की ती तो आजच घालणार होता.

या धंद्यात काय काय बिघडू शकतं, याची त्याने वहीत यादी केली होती. चाक निखळेल. मानेची खुंटी मोडेल. रंग पाण्याने जाईल. एकेक गोष्ट तो तपासत गेला. बैल ओट्यावरून वीस वेळा पाडला. तीन दिवस घंगाळात बुडवून ठेवला. रंगाचा कणही सुटला नाही. यादीत शेवटी लिहिलं होतं, लहान मूल कसंही हाताळेल. त्यासाठी पहिला बैल त्याने आखाजीलाच, म्हणजे अक्षय्य तृतीयेलाच, आपल्या मुलीच्या, रुखमीच्या हाती दिला होता. तेव्हा ती सात महिन्यांची होती. तिच्याकडून तो बैल त्याने आज परत घेतला.

त्याचे सासरे जानराव सकाळीच रोहिणखेडहून नातीला पाहायला आले होते. ते तिकडच्या भजनात गात.

"जावईबापू, हे बरं हाये," ते बैलांकडे पाहून म्हणाले. "ना चारा, ना पेंड. अशी जोडी मले कोणी देल्ली नाही बा!"

सहदेव हसला. त्याने चाकं फिरवली. फिरली. मान हलवली. हलली. मग त्याने शिंगं पाहिली. शिंगांवर रंग नव्हता. वशिंडावरही नव्हता. रंग दिलेला तो या दोन जागीच. खालचं सागवान दिसत होतं.

"रंगाचा आणखी एक हात द्यावा लागेल," तो म्हणाला. "घासून गेला सारा."

"घासून कुठी गेला?" दारातून त्याची बायको कोकिळा म्हणाली. रुखमी तिच्या खांद्यावर होती. "रोज सारवून राह्यली मी. एक लाल ठिपका नाही दिसला मले."

रुखमीने बैलासाठी हात पुढे केले. तो मिळाला नाही, तशी ती रडू लागली. तोंड उघडलं, डोळे भरले. गळ्यातून नुसती घरघर आली.

जानराव उठले. "हे काऊन असं?"

"आठ दिवस झाले, बाबा. दूधही पोटात ठरत नाही. दात येऊन राह्यले म्हून, म्हणतात सारे."

जानरावांनी नातीचा ओठ बोटाने खाली ओढून पाहिला. मग रंगाच्या वाटीकडे पाहिलं. "कायचा रंग हाये हा?"

"शेंदूर. तेलात खललेला," सहदेव म्हणाला. "देवळातल्या मारुतीचा रंग पावसातही जात नाही. म्हून तोच घेतला."

"जावईबापू, एखाद्या गाणाऱ्याचा गळा घालवायचा असला, तर लोक त्याले पानातून शेंदूर चारतात. माह्या गुरूले चारला होता. ते पुन्हा गायलेच नाही."

मग मोताळ्याच्या दवाखान्यात न्यायला जानराव गाडी जुंपायला धावले. कोकिळेने मुलीला लुगड्यात गुंडाळलं.

सहदेवने बैल उलटा केला. पोटावर पेन्सिलीने त्याने दोन वजनं लिहून ठेवली होती. कोरा, साडेबेचाळीस तोळे. रंगवल्यावर, त्रेचाळीस.

त्याने बैल तराजूत ठेवला. काटा बराच वेळ हलत राहिला, मग थांबला.

साडेबेचाळीस.