जनहिताचा अर्ज

"खटला मागे घेणं हा सरकारी वकिलाचा सार्वभौम अधिकार आहे!" खांबेटे वकिलांचा आवाज कोर्टभर घुमला.

"कोर्टाच्या संमतीनंच," न्यायाधीशबाई चष्मा पुसत म्हणाल्या. "कारण सांगा."

खांबेट्यांनी अर्जात 'जनहित' लिहिलं होतं. खरं कारण मागच्या बाकावर बसलं होतं. आरोपी म्हणजे रात्री दहानंतर कर्ण्यावर भावगीतं गाणारा देखणा गवई. वीस वर्षांत कोर्टाची पायरी न चढलेली खांबेट्यांची बायको त्याच्या प्रत्येक तारखेला गजरा माळून त्या बाकावर हजर असायची. आज तर तिनं थालीपिठांचा डबा आणला होता. गवयासाठी.

"जनहित? नेमकं कोणाचं?" बाईंनी मागच्या बाकाकडे पाहिलं. खांबेटे अर्जाची पानं उलटू लागले. "अर्ज नामंजूर. खटला चालेल."

म्हणजे अजून निदान दहा तारखा, दहा गजरे!

खांबेटे वाकून हळूच म्हणाले, "मॅडम, तारखा तेवढ्या मंगळवारच्या द्या. हिचं भजनी मंडळ असतं."