काचेवरचा पडदा

पित्याने नाकारलेला वर कन्येने स्वीकारावा की नाही, याचा निर्णय शास्त्राकडे मागता येतो. परंतु नाकारणाऱ्या पित्याकडूनच फसवून आशीर्वाद घ्यावा का, या प्रश्नापाशी ईश्वरी स्वतःच थबकली होती. तरीही तिचे वडील दिनानाथशास्त्री नवी मुंबईत पावणे येथील औद्योगिक वसाहतीतल्या ध्वनिमुद्रणाच्या गाळ्यात येऊन उभे राहिले, तेव्हा तिने मुकाट्याने त्यांच्यापुढे माईक सरकवला.

तेथे ईश्वरीच्या देखरेखीखाली एका चेक परीकथापटाचे मराठीकरण चालले होते. राजकन्येचे तळ्यातल्या जलपुरुषावर प्रेम, राजाचा विरोध, अखेरीस रानातल्या देवळात विवाह. त्या प्रसंगाला मंगलाष्टके हवीत, असे तिने वडिलांना सांगितले होते. वास्तविक चित्रपटात तेथे नुसती घंटा वाजत होती. मंगलाष्टके हवी होती ती तिला स्वतःला. सोमवारी नोंदणी कार्यालयात विश्वजितच्या शेजारी उभे राहताना ऐकण्यासाठी.

विश्वजित काचेपलीकडे यंत्रापाशी बसला होता. शास्त्रीबुवांनी त्याला कधी पाहिले नव्हते. त्याचे नाव मात्र वर्षभर नेरूळच्या घरात उच्चारू दिले नव्हते.

"तळ्यातल्या भुताशी लग्न!" शास्त्रीबुवांनी ठेवणीतले रेशमी उपरणे सावरले. "आणि बापाचं काय होतं?"

"तो शेवटपर्यंत मानत नाही, बाबा."

"शहाणा आहे."

स्पीकरवर विश्वजितचा आवाज आला. "काका, खिशात कायतरी वाजतंय. माईकमध्ये येतंय."

"वाजू दे. हा कोण?"

"ध्वनिमुद्रक," ईश्वरी घाईने म्हणाली.

"साताऱ्याकडचा दिसतो. बाजारातली हमाली सोडून इथे कसा?"

पुन्हा स्पीकर खरखरला. "हमाली वडील करतात, काका. वाशीच्या मार्केटला. अजून करतात."

"मला त्याचं तोंड पाहायचं नाही. तो पडदा ओढ."

ईश्वरीने काचेवरचा पांढरा पडदा ओढला. तोही संतापाने, एका झटक्यात. नुसत्या आवाजाचा एवढा तिटकारा, मग माणसाचा किती?

"शेजारच्या कारखान्यातला प्रेस बंद होऊ दे," ती म्हणाली. "आता जेवणाची सुट्टी होईल."

"ठाऊक आहे. म्हणून तर ही वेळ दिली." मंगळवार नाकारून आजचा गुरुवारही त्यांनीच ठरवला होता. "तू अशी पडद्याकडे तोंड करून उभी राहा. आणि त्यालाही उठव. मंगलाष्टकं चालू असताना खुर्चीत रेललेली माणसं मला खपत नाहीत."

"बाबा, पुरे आता!"

"उठव म्हटलं ना!"

पलीकडे खुर्ची सरकली. त्याच सुमारास प्रेसची धडधड थांबली, आणि त्या निःशब्दतेत शास्त्रीबुवांचा आवाज उमटला. खणखणीत, एकही अक्षर न ढळणारा. ईश्वरीने डोळे मिटून घेतले. चोरीचेच, पण आपल्या पदरी पडते आहे, एवढेच तिच्या मनात होते. शेवटच्या चरणावर मात्र तो आवाज कातर झाला.

"सावधान" म्हणताच शास्त्रीबुवांनी स्वतःच्या हाताने पडदा बाजूला केला. काचेपलीकडे विश्वजित हात जोडून उभा होता. त्यांनी खिशातली डबी उघडली आणि कुंकवाने रंगलेले तांदूळ लेकीच्या मस्तकावर टाकले.

"दार उघड," ते म्हणाले. "उरलेल्या अक्षता त्याच्या आहेत. सुखाने नांदा."