क्रूसाची किल्ली

ख्रिस्ताला आदि नाही, अंत नाही आणि त्याच्या आसऱ्याला आलेल्याला कशाचीच भीती नाही, असं किनाऱ्यावरच्या क्रूसाखाली कोरलेलं आहे. मागल्या महिन्यात वाडीतल्या मंडळींनी चोरांच्या भीतीने त्या क्रूसाला लोखंडी जाळी बसवली आणि तिला भलंमोठं कुलूप घातलं.

संध्याकाळी वारा उठला. सगळ्या होड्या परतल्या, एक इनासची सोडून. त्याची बायको लुर्दीन मेणबत्ती घेऊन क्रूसाकडे धावली, ती जाळीवर जाऊन आपटली.

"मरणाक जो आवरूक नाय, तेका तुमचा कुलूप राखतला?" वाडीचा पुढारी मिंगेल समोर दिसताच ती कडाडली. "तुमचो भरवसो देवार आसा काय कुलपार?"

"तसा न्हय गो बाय. आत दानपेटी आसा..."

"पेटी ने तुझ्या घराक! माझो घोव दर्यात आसा आणि माका हय मेणबत्ती लावक गावना नाय. किल्ली खंयच्या शाण्याकडे दिलास ता सांग आधी!"

मिंगेलने मान खाली घातली आणि समुद्राकडे बोट केलं.

किल्ली इनासच्या कमरेला होती.